सनद नसलेल्या कायद्याच्या पदवीचे मोल

वाचकाचे पत्र, थोडक्यात

पत्र लिहिणाऱ्या ताई 34 वर्षांच्या असून गेली 10 वर्षे एका सर्वसाधारण विमा कंपनीच्या दावे विभागात पूर्णवेळ नोकरी करतात. वाणिज्य शाखेची पदवी आधीच होती. सकाळच्या वर्गांना जाऊन आणि तिथून थेट ऑफिस गाठून त्यांनी तीन वर्षांचा एलएल.बी. अभ्यासक्रम पूर्ण केला. निकाल लागल्यापासून घरी आणि ऑफिसात सगळे एकच विचारतात, सनद कधी घेणार? सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेऊन वकिली करायची तर नोकरी सोडावी लागेल, आणि घरकर्जाचे हप्ते व मुलीचे शिक्षण पाहता ते आज शक्य नाही. त्यांचे मोठे दीर स्वतः वकील आहेत. ते म्हणाले, "सनद नसेल तर ही पदवी म्हणजे भिंतीवर लावायचा कागद." एका सहकाऱ्याने सुचवले की नोकरीचा उल्लेख न करता सनद घेऊन ठेवावी, सगळेच घेतात. ताई विचारतात: तीन वर्षे वाया गेली का? सहकाऱ्याचे ऐकावे का? आणि मुलगी दारावरच्या पाटीवर नावाआधी 'अ‍ॅड.' लिहू या म्हणते आहे, तिला काय सांगावे? पत्राच्या मध्यावर त्यांनी सहज म्हणून एक वाक्य लिहिले आहे: "करार कायदा शिकल्यापासून मी पॉलिसीचे कागद वेगळ्या नजरेने वाचते, तो विषय मला फार आवडला."

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात 'वाया' हा शब्द पाच वेळा आला आहे आणि 'आवडला' हा एकदाच. मी त्या एकदाच आलेल्या शब्दापासून सुरुवात करते, कारण बाकीचे पत्र लोक काय म्हणतात याविषयी आहे आणि ते एक वाक्य तेवढे तुमच्याविषयी आहे. 10 वर्षे जे कागद तुम्ही रोज हाताळत होता, ते आता वेगळे दिसू लागले, हे तुम्ही स्वतःच नोंदवले आहे. तरीही पदवीचा उपयोग झाला की नाही, हा प्रश्न तुम्हाला दुसऱ्यांना विचारावासा वाटतो. यामागे एक गृहीतक आहे: कायद्याची पदवी म्हणजे वकिलीची पहिली पायरी, आणि जो दुसरी पायरी चढला नाही तो वाटेतच थांबला. हे गृहीतक तुमच्या दिरांचे आहे, तुमच्या सहकाऱ्याचेही आहे आणि, रागावू नका, तुमचेही आहे.

आपल्या कायद्यानेच या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. पदवी विद्यापीठ देते. सनद राज्याची बार कौन्सिल, म्हणजे वकिलांची नियामक संस्था, देते. 1961 च्या अधिवक्ता अधिनियमाच्या कलम 24 मध्ये सनदेसाठी काय लागते ते सांगितले आहे आणि पदवी ही त्यांतली एक अट आहे. लोकमान्य टिळकांनी 1879 साली एलएल.बी. पूर्ण केली आणि पुढल्याच वर्षी ते न्यू इंग्लिश स्कूलच्या उभारणीत होते. वकील म्हणून त्यांनी कधी व्यवसाय केला नाही, मात्र पुण्यात कायद्याचे वर्ग चालवले, आणि 1908 च्या राजद्रोहाच्या खटल्यात स्वतःची बाजू स्वतः मांडली. थोरांचे नाव घेऊन तुमची समजूत काढावी असा माझा हेतू नाही. पदवी घेऊन वकिली न करणारा माणूस ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही, एवढेच मला दाखवायचे आहे.

मात्र 'पदवी कधीच वाया जात नाही' असे गुळगुळीत उत्तरही मी देणार नाही. सनद नसल्याने काही दारे खरोखरच बंद राहतात, आणि ती कोणती हे ठाऊक नसताना केलेली निवड ही निवड म्हणता येत नाही. म्हणून आधी तीच सांगते.

अधिवक्ता अधिनियमाची कलमे 29 आणि 33 वकिली करण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत वकिलांना देतात, आणि अधिकार नसताना न्यायालयात वकिली केल्यास कलम 45 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वकिली म्हणजे केवळ कोर्टात उभे राहणे, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. परदेशी वकिलांच्या संदर्भात मुंबई उच्च न्यायालयाने 2009 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले की कार्यालयात बसून व्यवसाय म्हणून कायदेशीर सल्ला देणे, दस्तांचे मसुदे करणे हेही वकिलीतच मोडते. तेव्हा सनद न घेता घरी 'कायदेशीर सल्ला केंद्र' काढून शुल्क घ्यायचे, हा मार्ग तुम्हाला मोकळा नाही. तुम्ही तो विचारलेला नाही, पण अशा पदवीधरांना हा मोह सगळ्यात आधी होतो.

न्यायाधीश होण्याचा रस्ताही आता वकिलीतून जातो. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदासाठीची वकिलीच्या अनुभवाची अट 2002 मध्ये काढली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 च्या निकालाने किमान 3 वर्षांची अट पुन्हा आणली. न्यायमूर्तींकडे विधी लिपिक म्हणून केलेले काम या अनुभवात धरले जाते. विमा कंपनीतली नोकरी धरली जात नाही. जिल्हा न्यायाधीशपदाच्या थेट भरतीसाठी घटनेच्या अनुच्छेद 233 नुसार 7 वर्षांची वकिली लागते. नोटरी होण्यासाठी सर्वसाधारणपणे 10 वर्षांची लागते, स्त्रियांना 7 वर्षांची. यांपैकी काही तुमच्या मनात खोलवर असेल, तर माझे पुढचे सगळे म्हणणे बाजूला ठेवा आणि सनदेचाच विचार करा.

आणखी एक अडचण अशी की ती ऐकून भलेभले चक्रावतात. सरकारी बँकांच्या विधी अधिकारी पदाच्या सामाईक भरतीत एलएल.बी. बरोबरच वकील म्हणून नोंदणी मागतात. म्हणजे नोकरी पूर्णवेळ पगारी, जिच्यात प्रवेश केल्यावर वकिली थांबवावीच लागते, पण दारात सनद दाखवावी लागते. म्हणून कोणत्याही पदाची जाहिरात पाहताना 'विधी पदवीधर' एवढेच लिहिले आहे, की 'नोंदणीकृत अधिवक्ता' असेही लिहिले आहे, हे अक्षर न् अक्षर वाचावे. या एका शब्दापायी अर्ज बाद झालेले उमेदवार मी पाहिले आहेत.

आता तुमच्या सहकाऱ्याच्या सल्ल्याकडे येते, आणि इथे मी जरा कठोर होणार आहे. भारतीय बार कौन्सिलच्या नियमांतला 49 वा नियम सांगतो की वकिली चालू असेपर्यंत वकिलाने कोणत्याही व्यक्तीची, सरकारची किंवा संस्थेची पूर्णवेळ पगारी नोकरी करू नये, आणि नोकरी धरलीच तर ती बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी. सनदेच्या अर्जात तुम्हाला आपल्या नोकरीधंद्याविषयी शपथेवर सांगावे लागते. तिथे तुम्ही 'नोकरी नाही' असे लिहिलेत, तर तुमच्या कायद्याच्या आयुष्यातले पहिलेच प्रतिज्ञापत्र खोटे असेल. कलम 26 च्या परंतुकाप्रमाणे महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून नोंदलेले नाव नोंदवहीतून काढून टाकता येते. पगारपत्रक, भविष्यनिर्वाह निधीचे खाते आणि आयकराचे विवरणपत्र या तीन कागदांवर तुमची नोकरी ठळक लिहिलेली आहे. ती लपवता येईल असे समजणे हा भाबडेपणा आहे. आणि पकडले जाण्याची भीती क्षणभर बाजूला ठेवली, तरी तुम्ही दावे विभागात काम करता. माहिती दडवून पॉलिसी घेतलेल्या माणसाचा अर्ज तुमच्या टेबलावर येतो, तेव्हा तुम्ही काय करता, हे मी तुम्हाला सांगायला नको. 'सगळेच घेतात' हे त्या अर्जदाराचेही म्हणणे असते.

याच विषयातला सरळ मार्गही आहे. ज्यांची पदवी पूर्ण झाली आहे आणि अजून कुठे नोकरी धरलेली नाही, त्यांनी आधी सनद घ्यावी, नोंदणीपासून 2 वर्षांच्या मुदतीत अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावे आणि मग नोकरी मिळाली की बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करून घ्यावी. मी स्वतः 7 वर्षे वकिली केल्यावर एका संस्थेत करारांचे मसुदे पाहण्याची नोकरी धरली, तेव्हा हेच केले. अर्ज करताना मन जड झाले होते, हे कबूल करते. पण स्थगित सनद पुढे पुन्हा सुरू करता येते. नुकतेच पदवीधर झालेले 22-23 वर्षांचे वाचक हे सदर वाचत असतील, तर त्यांना माझे सांगणे तुमच्याहून वेगळे आहे: हाती नोकरी नसताना सनद टाळू नका, कारण वकिलीची सुरुवातीची वर्षे पुढच्या अनेक अर्जांत मोजली जातात.

तुमचे वय आणि परिस्थिती निराळी आहे. तुमच्या पत्रात 'आता नाही तर कधीच नाही' असा एक सूर मला जाणवला. त्याला आधार नाही. 45 वर्षे उलटलेल्यांना नोंदणी नाकारणारा नियम बार कौन्सिलने एकेकाळी केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो 1995 मध्ये रद्द केला. मुलीचे शिक्षण आणि कर्जाचे हप्ते संपल्यावर तुम्हाला वयाच्या 48 व्या वर्षी नोंदणी करावीशी वाटली, तर वय आड येणार नाही. नोंदणीचा खर्चही आता मोठा अडथळा राहिलेला नाही. 30 जुलै 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अधिनियमात ठरवलेल्या शुल्काहून अधिक रक्कम बार कौन्सिलांना घेता येणार नाही, आणि ते शुल्क सर्वसाधारण उमेदवाराला 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला 125 रुपये इतके आहे. खरी अडचण आहे ती त्यानंतरच्या वर्षांची. भारतीय बार कौन्सिलने ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनिअर वकिलांना शहरात दरमहा किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली, पण ती शिफारसच आहे. तुम्ही घरकर्जाचे हप्ते भरणाऱ्या आहात. हा हिशेब मांडून 'आज नाही' असे तुम्ही ठरवले असेल, तर त्यात कसलाही कमीपणा नाही, आणि त्याबद्दल कोणाची माफी मागायचे कारण नाही.

मग आज, या घडीला, या पदवीचे करायचे काय? तुमच्याच खुर्चीपासून सुरुवात करू.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतल्या एका बाईंचे पती अचानक गेले. महिन्याभराने आयुर्विमा कंपनीचे पत्र आले की हप्ता न भरल्यामुळे पॉलिसी बंद पडली होती, सबब दावा नामंजूर. बाईंनी ते पत्र घडी करून ठेवून दिले. त्यांच्या लेखी विषय संपला होता. आमच्या संस्थेच्या लेखा विभागात तेव्हा एक सहकारी होत्या. त्यांनी कायद्याची पदवी घेतली होती, सनद कधीच घेतली नाही. त्या बाईंच्या घरी गेल्या, पत्र उलगडले आणि पहिला प्रश्न विचारला, "पासबुक आहे का?" हप्ता तिमाही होता, म्हणजे 30 दिवसांची वाढीव मुदत मिळते. पासबुकात हप्त्याची रक्कम खात्यातून गेल्याची नोंद होती, देय तारखेनंतर 26 व्या दिवसाची. सहकारी बाईंनी त्या ओळीखाली पेन्सिलने बारीक रेघ ओढली, पॉलिसीतले वाढीव मुदतीचे कलम शोधून त्याचा क्रमांक एका चिठ्ठीवर लिहिला आणि सांगितले, "एवढ्या दोन गोष्टी लिहा आणि दावा पुन्हा तपासा म्हणावं." पत्र बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिले, स्वतःच्या सहीने रजिस्टर पोस्टाने पाठवले. दावा मंजूर झाला. कोणी कोर्टात गेले नाही, कोणी शुल्क घेतले नाही, वकीलपत्र नव्हते. तारखा आणि कलम समोरासमोर ठेवून पाहायची सवय एवढेच त्यामागे होते, आणि ती सवय त्यांना कायद्याच्या वर्गात लागली होती.

तुम्ही टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसता, म्हणून तुमच्या हातात याहून जास्त आहे. दाव्याला चुकीने दिला जाणारा नकार तुमच्याकडे पत्र जाण्याआधीच थांबू शकतो. नकाराचे पत्र कोणत्या कलमाच्या आधारे आहे, ते कलम या घटनेला खरोखर लागू पडते का, आणि ग्राहकाला कारण समजेल अशा भाषेत लिहिले आहे का, हे तीन मुद्दे पाहणारा माणूस दावे विभागात असणे कंपनीच्याही हिताचे आहे, कारण सदोष नकाराचे ओझे पुढे ग्राहक आयोगात तिलाच वाहावे लागते. आणि त्या आयोगाचेच पाहा. ग्राहक मंचांपुढे, म्हणजे आजच्या ग्राहक आयोगांपुढे, वकील नसलेला अधिकृत प्रतिनिधीही बाजू मांडू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये मान्य केले आहे. कंपनीने अधिकारपत्र दिले तर तुम्ही तिच्या वतीने तिथे उभ्या राहू शकता. विमा लोकपालाकडे तर ग्राहकाला वकिलामार्फत तक्रार करताच येत नाही. म्हणजे तुमच्याच क्षेत्रात अशा जागा आहेत, जिथे कायदा जाणणारा पण काळा कोट न घालणारा माणूस लागतो.

तेव्हा कंपनीत एक काम करा. मनुष्यबळ विभागाला 'माझी पदवी नोंदवून घ्या' असे मोघम पत्र देऊ नका. तशी पत्रे फाइलला लागतात आणि तिथेच राहतात. गेल्या वर्षात तुम्ही हाताळलेल्या दाव्यांपैकी पाच असे निवडा, जिथे कायद्याच्या ज्ञानामुळे तुमचा निर्णय वेगळा किंवा अधिक पक्का झाला. ग्राहकांची नावे वगळून प्रत्येकावर अर्धे पान लिहा. ते घेऊन वरिष्ठांना भेटा आणि नेमके विचारा: विधी विभागात बदली होऊ शकते का, तक्रार निवारणाचे काम मिळेल का, ग्राहक आयोगातल्या प्रकरणांची टिपणे मी तयार करू का. उत्तर नकारार्थी आले, तर दुसऱ्या कंपनीच्या मुलाखतीत तीच अडीच पाने तुमच्या गुणपत्रिकेपेक्षा जास्त बोलतील. विधी विभागात गेलात तर एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. अशील आणि वकील यांच्यातल्या संवादाला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 132 मध्ये जे गोपनीयतेचे संरक्षण आहे, ते कंपनीच्या पगारी विधी अधिकाऱ्याला मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये स्पष्ट केले आहे. नाजूक प्रकरणात बाहेरच्या वकिलाकडे केव्हा जायचे, हे कळणे हाही तुमच्या कामाचा भाग राहील.

इतर क्षेत्रांतल्या वाचकांसाठी थोडक्यात: मनुष्यबळ विभागात काम करणाऱ्यांना 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांनी नव्याने अभ्यासाला बसवले आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात अंतर्गत समितीच्या सदस्यांसाठी 'कायद्याचे ज्ञान' ही एक पात्रता स्पष्ट लिहिलेली आहे. विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी असलेल्यांना पेटंट एजंटची परीक्षा सनदेशिवाय देता येते. शिकवण्याची ओढ असेल तर एलएल.एम. ही पदव्युत्तर पदवी आणि नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा हा मार्ग आहे, आणि तो लांबचा आहे हे जाणून धरावा.

पदवीबाबत मला खरी काळजी वाटते ती तिच्या शिळे होण्याची. वकिलाला रोजचे काम अद्ययावत ठेवते. सनद न घेतलेल्या पदवीधराला ते स्वतःच करावे लागते. 1 जुलै 2024 रोजी भारतीय दंड संहितेची 511 कलमे गेली आणि भारतीय न्याय संहितेची 358 आली. त्याआधी शिकलेल्यांचे पाठ असलेले क्रमांक एका दिवसात जुने झाले. तुमच्या क्षेत्रातले उदाहरण घ्या. नातेवाईक नक्की विचारतील की विम्यात नामनिर्देशन ज्याच्या नावे, पैसा त्याचाच का. सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये सांगितले होते की नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, मालकी वारसांचीच. जुन्या पुस्तकावर विसंबून तुम्ही तेच सांगितलेत तर चुकाल, कारण 2015 च्या दुरुस्तीनंतर आयुर्विम्यात आईवडील, पती-पत्नी किंवा मुले यांचे नामनिर्देशन असेल तर लाभाचा हक्क त्यांचाच धरला जातो. शेअर्सच्या बाबतीत मात्र नामनिर्देशनाने वारसांचा हक्क जात नाही, असे डिसेंबर 2023 चा निकाल सांगतो. आठवड्यातून दोन तास काढा. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. विमा आणि ग्राहक संरक्षण या दोनच विषयांवरचे निकाल वाचत गेलात, तरी वर्षभरात तुम्ही आपल्या विभागातल्या जाणकार व्हाल.

नातेवाइकांच्या प्रश्नांची सीमाही आत्ताच आखून घ्या. कागदात काय लिहिले आहे ते समजावून सांगणे, मुदत कधी संपते हे सांगणे, कोणत्या कार्यालयात जायचे ते सांगणे, एवढे मोकळेपणाने करावे. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत 2 वर्षांची असते, एवढे वेळेवर सांगितल्याने एखाद्याचा हक्क वाचतो. दावा लिहून देणे, नोटीस पाठवणे, मोबदला घेणे, हे करू नये. तिथे वकील सुचवावा. ज्याला वकील परवडत नाही त्याला विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा क्रमांक द्यावा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि कोठडीतल्या व्यक्तींना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि हे ठाऊक नसलेली माणसे आपल्या सगळ्यांच्याच घरांत आहेत. वेळ मिळाला तर त्याच प्राधिकरणाच्या विधी स्वयंसेवक योजनेत नाव द्या. तिथे सनद लागत नाही.

हे सगळे वाचूनही कोर्टात उभे राहायची इच्छा मनातून जात नसेल, तर तिला दडपू नका, तपासून पाहा. आठवडाभराची रजा काढा आणि जिल्हा ग्राहक आयोगात किंवा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मागच्या बाकावर जाऊन बसा; सुनावणी खुली असते, कोणी अडवत नाही. युक्तिवाद पाहाल तितकाच पुढच्या तारखेसाठी चाललेला खोळंबाही पाहाल. माझ्या पहिल्या दोन वर्षांत मी बोलण्यापेक्षा थांबण्याचेच काम अधिक केले, आणि तेही मला आवडत असे, म्हणून मी टिकले. तिथे बसून तुम्हाला घड्याळाकडे पाहावेसे वाटते, की समोरच्या वकिलाने न विचारलेला प्रश्न तुमच्या ओठावर येतो, हे स्वतःपुरते लिहून ठेवा. दुसरी गोष्ट घडली तर दोन वर्षांच्या घरखर्चाची तजवीज हे तुमचे पुढचे उद्दिष्ट ठरवा आणि तेवढे साठले की उघडपणे राजीनामा देऊन सनद घ्या. त्या वेळी दिरांचे मार्गदर्शन तुमच्या फार कामाला येईल, म्हणून त्यांच्या त्या वाक्यावर भांडण करू नका. ज्याने आयुष्य कोर्टात काढले, त्याला कायदा तिथेच दिसणार. एखाद्या संध्याकाळी त्यांच्याकडे तुमच्या विभागातला एखादा अवघड मुद्दा घेऊन जा, नाव-गाव वगळून, आणि त्यावर तुमचे मत आधी सांगा. त्यांच्याशी कायद्यावर बोलायला लागलात की कागद भिंतीवरचा आहे की कामाचा, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

राहिली पाटी. मुलीला सांगा की 'अ‍ॅड.' हे नोंदणीकृत वकिलाने लावायचे असते आणि आई आज तशी नाही, म्हणून नावाआधी ते लिहिता येणार नाही. पण बी.कॉम., एलएल.बी. ही तुम्ही मिळवलेली पदवी आहे आणि ती नावानंतर लिहायला कोणाचीही परवानगी लागत नाही. अक्षरे तिलाच काढू द्या.